घरशाळेचा दिवस बसवताना

होमस्कूलिंग सुरू करू पाहणारे आईबाबा भेटले की चहा होईपर्यंत एक प्रश्न येतोच: "तुमचं टाइमटेबल पाठवाल का?" मी ते पाठवत नाही. आमच्या घरात सासूबाई आहेत, माझं घरून अर्धवेळ काम आहे, नवरा आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातो, मोठी ११ वर्षांची आहे आणि धाकटा ६. या पाच माणसांवर बेतलेला दिवस तुमच्या घराला कसा बसणार? दिवस बसवायचा कसा, हे मात्र सांगता येतं. मोठी तिसरीपर्यंत शाळेत जात होती, धाकट्याने शाळा बाहेरूनच पाहिली आहे. गेल्या अडीच वर्षांत आम्ही तीनदा दिवस मोडून पुन्हा बसवला. पुढे लिहिलेलं त्यातून आलेलं आहे.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या. वेळापत्रक घड्याळावर चालतं: नऊ वाजले, गणित काढा. दिनक्रम एकामागून एक येणाऱ्या गोष्टींवर चालतो: नाश्ता झाला, ताटल्या विसळल्या, आता गोष्ट. घरात टिकतो तो दिनक्रम. गॅस संपला, नळाला पाणी आलं, सिलेंडरवाल्याने बेल वाजवली की वेळापत्रक कोसळतं, आणि ते कोसळलं की आधी आपण चिडतो, मग मुलं.

आधी पंधरा दिवस नुसतं बघा

आम्ही हे केलं नाही. पहिल्याच सोमवारी फ्रीजवर स्केचपेनने रंगवलेला तक्ता लावला. ३५ मिनिटांच्या सहा तासिका, मध्ये छोटी सुट्टी, मोठी सुट्टी, आणि तासिका संपली की माझ्या फोनवर गजर.

पाचव्या दिवशी मोठी ९३६ भागिले १२ करत होती. शाळेत असल्यापासून दोन आकडी भागाकाराला ती घाबरायची. त्या दिवशी तिने सात लावले, ८४ वजा केले, नऊ उरले, वरून सहा खाली उतरवले आणि ९६ वर पेन्सिल टेकवून ओठांतल्या ओठांत बाराचा पाढा म्हणायला लागली. तेवढ्यात गजर झाला. मी म्हणाले, "राहू दे ते, आता परिसर अभ्यास." तिने वही मिटली, पेन्सिल आतच राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, मला आत्ता कळायला लागलं होतं."

शाळेत चाळीस मुलं असतात, पुढचे शिक्षक दाराशी उभे असतात, म्हणून तिथे घंटा लागते. आमच्याकडे कोणीही दाराशी उभं नव्हतं. तक्ता त्याच संध्याकाळी काढला.

त्यानंतर पंधरा दिवस मी एका शंभरपानी वहीत तीन रकाने आखून नोंदी केल्या: किती वाजता, काय चाललं होतं, चेहरा कसा होता. तिसरा रकाना सगळ्यात उपयोगी पडला. मोठी जाग आल्यावर पाऊण तास अंथरुणातच पुस्तक घेऊन पडते आणि तेव्हा तिला कोणी बोलावलं की सकाळभर तिचा मूड जातो, हे मला तोवर माहीत नव्हतं. धाकटा नाश्त्यानंतर तासभर एका जागी बसू शकतो, पण आंघोळीनंतर दहा मिनिटंसुद्धा बसत नाही. आणि रोज साडेअकराच्या सुमारास होणारी दोघांची भांडणं ही भांडणं नव्हतीच, ती भूक होती. आता अकराला दोघांच्या हातात काकडी, केळं, नाहीतर शेंगदाणे आणि गूळ असतो.

या पंधरा दिवसांत अभ्यास मागे पडेल असं वाटतं. पडू द्या. ही वही हातात असल्याशिवाय पुढची कुठलीही पायरी नीट घेता येत नाही.

मूल शाळेतून काढलेलं असेल तर हा काळ आणखी लांबवा. होमस्कूलिंग करणाऱ्या घरांमध्ये एक ठोकताळा चालतो: शाळेत काढलेल्या प्रत्येक वर्षाला घरी एक मोकळा महिना. आमच्या मोठीला जवळजवळ तेवढाच वेळ लागला. सुरुवातीला ती पाणी प्यायला जातानासुद्धा "जाऊ का?" असं विचारायची. ते विचारणं थांबलं, तेव्हा मला कळलं की आता नवीन काही सुरू करता येईल.

झोपेपासून सुरुवात

नवीन मंडळी पुस्तकांपासून सुरुवात करतात. मी सांगेन, झोपेपासून करा. स्कूलबस नाही म्हटल्यावर घराची रात्र सरकायला लागते. आज साडेदहा, उद्या अकरा, महिन्याभरात मुलं बाराला झोपून साडेनऊला उठतात. मग नाश्ता अकराला, जेवण तीनला, आणि संध्याकाळी खाली मुलं खेळायला उतरतात तेव्हा आपल्या मुलांची दुपार नुकती सुरू झालेली असते.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास. उठायची वेळ ठरवा आणि तिथून मागे मोजत या. आमच्याकडे सातला उठायचं म्हणून धाकटा नऊच्या आत अंथरुणात असतो आणि मोठी साडेनऊपर्यंत. वेळ एकदम बदलू नका, दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे आणा. आमच्याकडे दीड तास मागे यायला अठरा दिवस लागले. साडेआठला टीव्ही आणि सगळे फोन बंद होतात, माझा आणि नवऱ्याचासुद्धा. मोठ्यांच्या हातात फोन दिसत असेल तर लहानांना हा नियम अन्याय वाटतो, आणि तो असतोच. सकाळी उठल्यावर पडदे सरकवून उजेड आत घ्या, जमलं तर गच्चीवर किंवा गॅलरीत दहा मिनिटं उभे राहा. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि मे महिन्यात सहाच्या सुमारास, त्यामुळे आमची उठायची वेळ हिवाळ्यात अर्धा तास पुढे जाते. आम्ही ती जाऊ देतो.

झोप बसली की निम्मं काम झालं. ती बसेपर्यंत दुसरं काही धरू नका.

चार खुंट्या

आता दिवसातल्या खुंट्या शोधायच्या. प्रत्येक घरात रोज न चुकता होणाऱ्या तीन-चार गोष्टी असतात, कोणी सांगो वा न सांगो. आमच्या घरात त्या अशा निघाल्या: सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, दिवेलागण आणि झोपायच्या आधीची वेळ. तुमच्याकडे एखादी वेगळी असेल. ओळखीच्या एका घरी वडील रात्रपाळीहून सकाळी आठला येतात, मुलं त्यांच्यासोबत चहा पितात आणि तिथून त्यांचा दिवस सुरू होतो. त्यांची पहिली खुंटी तो चहा.

खुंटी आधीपासून असलेली हवी, नव्याने ठोकलेली नको. "रोज सकाळी योगासनं" ही खुंटी होत नाही, कारण ती आपोआप घडत नाही. ती खुंटीवर टांगायची वस्तू आहे.

टांगताना एका वेळी एकच वस्तू टांगा, आणि तीन आठवडे दुसऱ्या वस्तूला हात लावू नका. आम्ही नाश्त्यानंतरच्या गोष्टीपासून सुरुवात केली. क्रम असा: खाऊन झालं, आपापली ताटली उचलून सिंकमध्ये, धाकटा ओल्या फडक्याने टेबल पुसतो, मोठी सतरंजी पसरते, मी पुस्तक घेऊन बसते. पंधरा ते वीस मिनिटं मोठ्याने वाचन. बस, इतकंच. त्यानंतर दिवस मोकळा. पहिल्या आठवड्यात चार दिवस जमलं, दुसऱ्यात पाच. तिसऱ्या आठवड्यात मी सिंकपाशी फोनवर बोलत होते आणि मागे वळून बघते तर सतरंजी पसरलेली, धाकटा पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला. तेव्हा मी दुसरी वस्तू टांगली: गोष्टीनंतर मोठीचं गणित.

मोठ्याने वाचन आधी का घेतलं, तेही सांगते. त्यात चूक-बरोबर काही नसतं, ११ आणि ६ दोन्ही वयांना एकत्र बसता येतं, आणि आईबाबा-मुलांमध्ये अभ्यासावरून आलेला ताण त्याने उतरतो. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. वाचनालयाची वर्गणी भरा. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात आणि ते सोन्यासारखे आहेत.

आमच्या बाकीच्या खुंट्या तीन-चार महिन्यांत भरल्या. दुपारच्या जेवणानंतर शांत तास, दिवेलागणीला शुभंकरोति आणि पाढे, झोपायच्या आधी दिवसाची वही आणि एक गोष्ट. पाढे सासूबाईंकडे आहेत. त्या वाती वळत बसतात आणि दोघं त्यांच्यासमोर घोकतात, त्यांना पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढेसुद्धा येतात. धाकट्याला अर्धा म्हणजे काय हे अजून कळत नाही, पण निमकी त्याच्या तोंडात बसली आहे. अर्थ कळेल तेव्हा चाल तयार असेल.

बसून करायचा अभ्यास किती?

लोकांना वाटतं त्याहून खूप कमी. शाळेच्या पाच-सहा तासांत हजेरी असते, रांगा असतात, वह्या तपासून होईपर्यंत थांबणं असतं, चाळीस जणांपैकी बाकीच्यांना कळेपर्यंत वाट बघणं असतं. घरी एका मुलाला एक माणूस शिकवतो तेव्हा हे सगळं गळून जातं. आमच्याकडे धाकट्याचं बसून काम रोज अर्धा-पाऊण तास, तेही दोन-तीन तुकड्यांत. मोठीचं दीड ते दोन तास. परीक्षा जवळ आली की वाढतं.

रोज कराव्यात अशा दोनच गोष्टी आम्ही ठेवल्या: गणित आणि लेखन-वाचन. या दोन्ही हातात बसायला सराव लागतो, चार दिवस खंड पडला की गंज चढतो. बाकी विषय रोज थोडेथोडे वाटून घेण्यापेक्षा एकेक विषय आठवडाभर धरतो. शिवकाळ सुरू केला की आठवडाभर तोच. नकाशे, गोष्टी, शनिवारी पहाटे सिंहगड. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून करायच्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं मोफत आहेत. झाकणं, स्ट्रॉ, सायकलची जुनी ट्यूब एवढ्यावर दुपार निघते.

पाठ्यपुस्तकं टाकून देऊ नका. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. मी ती मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः चाळते आणि वर्षभराचे मुद्दे एका कागदावर काढते. मग ते मुद्दे ज्या क्रमाने घरात निघतील त्या क्रमाने होतात, आणि महिन्यातून एकदा कागदावर खुणा करते.

आणखी एक. काम थांबवताना पान संपायची वाट बघू नका आणि रडू येईपर्यंतही ताणू नका. मुलाला जमतंय, मजा येतेय अशा जागी थांबलात तर उद्या ते स्वतःहून वही उघडतं. मात्र मूल स्वतः थांबायला तयार नसेल तर त्याला थांबवू नका. आमचा ९३६ चा भागाकार याच चुकीने अडला होता.

घरकाम हा दिनक्रमाचा कणा

मुलं दिवसभर घरी असली की घर दुप्पट पसरतं. हे काम आईने एकटीने ओढलं तर होमस्कूलिंग वर्षभरात बंद पडतं, मी अशी घरं पाहिली आहेत. म्हणून कामं पहिल्या महिन्यापासून वाटून द्या, आणि खोटी कामं देऊ नका. खोटं काम मुलांना लगेच ओळखू येतं.

धाकट्याकडे टेबल पुसणं, कढीपत्ता आणि तुळशीला पाणी, मटार आणि शेंगा सोलणं, आणि कडधान्य भिजवणं. मोठीकडे स्वतःचे कपडे घडी करणं, वरण-भाताचा कुकर लावणं, आठवड्यातून दोनदा पोळ्या लाटणं, आणि मंडईचा हिशेब.

कडधान्याचं काम धाकट्याने स्वतः मागून घेतलं. मंगळवारी सकाळी तो डब्यातून वाटीभर मटकी काढतो, वाटीच्या काठावर बोट फिरवून वरची मटकी सारखी करतो, पातेल्यात ओततो आणि बोटाच्या दोन पेरांइतकं पाणी घालतो. संध्याकाळी पाणी काढून मटकी पुन्हा त्याच वाटीने मोजतो. पहिल्यांदा दोन वाट्या भरून वर उरली तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, कोणी टाकली?" मग फडक्यात बांधून रात्रभर ओट्यावर. बुधवारी सकाळी दात घासायच्या आधी तो गाठ सोडून मोड बघतो. हिवाळ्यात मोड यायला उशीर होतो हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर त्याने वाकड्यातिकड्या आकड्यांत लिहिलं आहे: १ वाटी, २ वाटी आणि थोडी. त्या "थोडी" चं पुढे पाव आणि अर्धा होईल, आणि बहुधा तेव्हाच निमकीचा अर्थही लागेल.

मी हे अभ्यासाच्या वेळेतून वेगळं काढत नाही. त्याच्या बसून करायच्या अर्ध्या तासात मटकीची दहा मिनिटं धरलेली आहेत.

आपलं काम आणि शांत तास

आईबाबांपैकी कोणी घरून काम करत असेल तर जेवणानंतरचा शांत तास ही सगळ्यात मोठी सोय आहे. झोप येत असेल तर झोपा, नाहीतर आपापल्या कोपऱ्यात वाचा, चित्र काढा, ठोकळे लावा. नियम दोनच: बोलायचं नाही आणि स्क्रीन नाही.

हा तास पहिल्या दिवसापासून तासाचा नसतो. आम्ही दहा मिनिटांपासून सुरुवात केली, तीही मी तिथेच बसून. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत गेलो. तासावर पोचायला अडीच महिने लागले. आता माझं काम दीड ते अडीच असं निर्धास्त होतं. खोलीच्या कडीला माझी लाल ओढणी बांधलेली असेल तर आत यायचं नाही, असं ठरलं आहे. लागलं, पडलं, रक्त आलं तर यायचं. बाकी आजीला विचारायचं. आणि अडीचला ओढणी सुटलीच पाहिजे. मी दोनदा "पाचच मिनिटं" करत पाऊण तास ताणला, तेव्हा तिसऱ्या दिवशी धाकटा दर पाच मिनिटांनी दारावर टकटक करायला लागला. शब्द मी मोडला होता.

घरात आजी-आजोबा नसतील, दोघंही नोकरी करत असतील, तर पाळी लावावी लागते. सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची. ज्याची पाळी आहे त्याच्याच हातात दिवस, दुसऱ्याने मध्ये येऊन "आज गणित झालं का?" असं विचारायचं नाही. रविवारी संध्याकाळी दोघांनी अर्धा तास बसून पुढचा आठवडा ठरवायचा, मुलांना झोपवून.

आजी, शेजारी, लिफ्ट

सासूबाईंना पहिले सहा महिने हे पटलं नव्हतं. त्यांची काळजी खरी होती: पोरांना मित्र कुठून मिळणार, दहावीचं काय, नातेवाइकांना काय सांगायचं. मी वाद घातले, त्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो त्यांना दिवसात जागा दिल्याचा. दिवेलागणीची खुंटी त्यांची आहे आणि तिथे मी लुडबूड करत नाही. आता नातेवाइकांना त्याच सांगतात.

संध्याकाळ मात्र आपल्या हातात नसते, ती सोसायटीतल्या मुलांच्या हातात असते. ती शाळा-ट्यूशन उरकून साडेपाचला खाली उतरतात आणि सातला वर बोलावली जातात. हा दीड तास आमच्याकडे कशासाठीही अडवला जात नाही. पाहुणे आले, अभ्यास राहिला, काहीही असो, साडेपाचला चपला पायात. तुमचं मूल चारला अभ्यासाला बसवून सहाला सोडलंत तर तोवर क्रिकेटच्या टीम पडलेल्या असतात.

सकाळी अकराला मुलं दुकानात दिसली की लोक विचारतात, "आज शाळेला सुट्टी?" मुलाला एक सरळ वाक्य द्या: "मी घरी शिकते." खोटं बोलायला लावू नका, तब्येतीचं कारण वगैरे सांगू नका. मुलाला त्यातून कळतं की आपण काहीतरी लपवण्यासारखं करतोय.

नोंदी ठेवा, रोज पाच ओळी

रात्रीच्या वहीत आम्ही पाचच ओळी लिहितो: काय वाचलं, गणितात काय केलं, हाताने काय केलं, कुठे गेलो, कोणाला भेटलो. मोठी स्वतः लिहिते, धाकटा सांगतो आणि मी लिहिते. महिन्याच्या शेवटी चार फोटो चिकटवतो.

याचं व्यावहारिक कारणही आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्यात म्हटलं आहे, आणि होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख त्यात नाही. पालकांना त्यासाठी शिक्षेची तरतूदही त्यात नाही. तरी कोणी विचारलंच तर "आमचं मूल शिकतंय" हे दाखवायला रोजच्या वहीइतकं चांगलं काही नाही.

पुढच्या परीक्षेसाठी बहुतेक जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे जातात. ही संस्था १९८९ साली केंद्र सरकारने स्थापन केली. तिची दहावी वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमातूनही देता येते, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय सुटे सुटे देता येतात. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष असे तीन टप्पेही तिथे आहेत. राज्यात महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, शिवाय राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरायची वाट आहेच. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्या मंडळाच्या संकेतस्थळावरच बघा, कोणाच्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर यातलं काहीही आज दिनक्रमात आणायची गरज नाही. बारा पूर्ण झाली की एका खुंटीवर परीक्षेची तयारी टांगायला लागा.

बिघडलेले दिवस

ताप येतो, पाहुणे येतात, वीज जाते, आईचं डोकं दुखतं. अशा दिवसांसाठी आधीच एक किमान दिवस ठरवून ठेवा. आमचा असा आहे: आंघोळ, एक गोष्ट, साडेपाचचं मैदान. या तीन गोष्टी झाल्या की दिवस झाला असं आम्ही धरतो आणि वहीत तशी नोंद करतो. राहिलेलं गणित दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेत नाही. पहिल्या वर्षी मी घेतलं होतं, आणि मोठीला आजारी पडायची भीती वाटायला लागली होती.

सलग तीन-चार दिवस तीच खुंटी निसटत असेल तर मुलाला दोष देण्याआधी पुन्हा ती तीन रकान्यांची वही काढा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: मूल वाढलंय आणि दुपारची झोप सुटलीय, किंवा पुस्तक कंटाळवाणं आहे, किंवा शेजारी बांधकाम सुरू झालंय.

ऋतू बदलला की दिवस हलतो, तो हलू द्या. चैत्र-वैशाखात आमचं बाहेरचं सगळं सकाळी नऊच्या आत उरकतं आणि दुपारचा शांत तास दीड तासाचा होतो. पावसाळ्यात मैदान बंद, मग जिन्यातले खेळ आणि पार्किंगमधली सायकल. गणपतीचे दहा दिवस आम्ही बसून अभ्यास करतच नाही. मोठी आरास करते, धाकटा घरोघरच्या आरत्यांना जातो, मोदकाच्या उकडीचं पाणी-पीठ मोजतो. दिवाळीत पंधरा दिवस आजोळ.

परत आल्यावर सगळा दिवस एकदम उभा करायचा मोह होतो. आम्ही पहिले दोन दिवस फक्त झोपेची वेळ सांभाळतो. तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतरची सतरंजी. सातव्या-आठव्या दिवशी गणिताची वही, आणि तीही जिथे सोडली होती त्याच्या दोन पानं मागून. शांत तास सगळ्यात शेवटी येतो, पुन्हा पंधरा-वीस मिनिटांपासून. त्या आठवड्यात मी माझं काम रात्री मुलं झोपल्यावर करते आणि ज्यांचं काम घेतलंय त्यांना तसं आधी कळवून ठेवते.